चहा महाग नाही, स्वस्त झाला होता
बॉस्टन टी पार्टीबद्दल कुणीतरी लिहिलंय की इंग्रजांनी चहा महाग केला म्हणून त्यांच्या अमेरिकेतल्या वसाहतीतले बॉस्टनकर भडकले आणि चहा समुद्रात फेकला. उलट आहे हो! १७७३ च्या टी अॅक्टने, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या चहाच्या कायद्याने, ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपलीच ती) चहा थेट वसाहतींत विकायची सूट दिली, त्यामुळे तो चोरट्या डच चहाच्याही तोडीस तोड स्वस्त पडणार होता, पण पौंडामागे ३ पेन्सचा जुना कर मात्र तसाच ठेवला आणि खरी मेख तिथेच होती.

कारण त्या कराच्या पैशातून गव्हर्नर, जज यांचे पगार द्यायचे असं ठरलेलं. आधी पगार स्थानिक असेंब्लीच्या (वसाहतीतल्या लोकांनी निवडलेल्या सभेच्या) हातात, म्हणजे गव्हर्नर जरा आखडून वागला की असेंब्ली पैसे अडवणार, आणि आता तोच लगाम गेला ना! मॅसॅच्युसेट्सचा (बॉस्टन ज्या वसाहतीत, तिचा) गव्हर्नर हचिन्सन १७७२ पासून राजाकडूनच पगार घ्यायला लागला होता, वर कंपनीचा चहा विकायची एजन्सी मिळालेल्यांत त्याची दोन पोरं. मग लोक गप्प बसतील होय? १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या समुद्रात गेल्या. चहा चिनी होता बरं का, आसामचा तेव्हा कुठला.