मदत हवी आहे: ट्विन ब्लॉक लावल्यापासून मुलाचा जबडा मागे जात नाही

माझ्या 12 वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा मागे आहे, म्हणून गेले 3 महिने तो ट्विन ब्लॉक लावतो. वरची एक, खालची एक अशा दोन प्लेट, त्यांचे ठोकळे तिरके. तोंड मिटलं की त्या उतारावरून खालचा जबडा पुढे सरकतो. पहिला आठवडा गाल आणि कानशिलं दुखली, बोलताना जीभ अडखळली, मग सवय झाली.

आता सकाळी दात घासायला प्लेट काढली तरी तो जबडा पुढेच धरून ठेवतो. "मागे ने बघू" म्हटलं तर कानाच्या पुढे दुखतं म्हणतो. परवा त्याच्या गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी बोटं ठेवून दात आवळायला सांगितलं. धाकटीचा स्नायू टणक फुगतो, याचा जेमतेम हलला. पोटात गोळाच आला माझ्या.

डॉक्टर म्हणाले, स्नायू जुळवून घेतायत. पण ते कमजोर तर होत नाहीयेत ना? आणि जबडा आपणहून पुढे राहतोय, तर प्लेट फक्त रात्री लावून चालेल का? शाळेत त्याला ती नको असते. कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणारी डॉक्टर आहे. मागे नेताना दुखणं हा आमच्या ओळखीचा 'टेरिगॉइड प्रतिसाद'. टेरिगॉइड हा जबडा पुढे ओढणारा स्नायू नव्या जागेला सरावतोय.

गालातल्या मॅसेटरचं, म्हणजे तुम्ही बोटांनी तपासलेल्या चावण्याच्या स्नायूचं म्हणाल, तर प्लेट काढल्यावर त्याच्या दाढा सध्या एकमेकींना नीट भिडत नसणार. दाताला दात टेकला नाही की हा स्नायू पुरता जोर लावत नाही. पुढे दाढा वर येऊन भिडल्या की जोर परत येतो. आणि जुळवून घेणं म्हणजे काय, तर ताणून धरलेल्या स्नायूच्या टोकांशी नवे सार्कोमिअर (स्नायूचे आकुंचन पावणारे सूक्ष्म तुकडे) जोडले जाऊन तो लांब होतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

पण स्नायू आठवड्यांत सरावतात, दात आणि हाडाला महिने लागतात. आज दिसणारा चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, बराचसा स्नायूंनी धरून ठेवलेला आहे, प्लेट सुटली तर तो मागे जाईल. म्हणून प्लेट लावण्याचे तास स्वतःहून कमी करू नका. तोंड उघडताना अडकलं, कमी उघडलं किंवा कट्‌कट्‌ आवाजाबरोबर दुखलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.