1958-59 ची अमेरिकन गंमतगाणी सुचवा

कोकम_सरबत: मंडळी, लेकीच्या कॉलेजात रेट्रो पार्टी आहे. तिला त्या काळातली अमेरिकन विनोदी गाणी हवीत, एल्विस नको. मला एकच आठवतं, ते उंदरांच्या आवाजातलं.

टेपपुराण: उंदीर नव्हेत हो, खारी! 'द चिपमंक साँग', डिसेंबर 1958. रॉस बाग्दासारियनने टेप निम्म्या वेगाने फिरवत गाणं भरलं आणि नेहमीच्या वेगाने वाजवलं. गाताना मुद्दाम संथ गायचा, म्हणून आवाज चिरका होतो पण लय पळत नाही. आम्ही लहानपणी मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर लावून भीमसेनजींचे हाल केले आणि मार खाल्ला. या गाण्याने तीन ग्रॅमी नेल्या. तरी ते नाताळचं आहे, पार्टीला त्याच वर्षीचं 'विच डॉक्टर' लावा. निरर्थक शब्द आहेत, सगळ्यांना ओरडता येतात.

रात्रपाळी: माझं मत 'कुकी, कुकी, लेंड मी युअर कोम'ला, 1959. '77 सनसेट स्ट्रिप' ही गुप्तहेरांची मालिका. हीरो सुटाबुटातले, पण पोरी फिदा झाल्या त्या शेजारच्या हॉटेलात गाड्या लावणाऱ्या कुकीवर. त्याचं काम करणारा एड बर्न्स सतत केसांवरून कंगवा फिरवायचा, बस्स! गंमत म्हणजे सुरुवातीच्या कथेत तो खुनी होता. लोकांना इतका आवडला की त्यालाच नवी भूमिका देऊन परत आणलं. गाण्यात तो गात नाही, नुसता बोलतो. कॉनी स्टीव्हन्स गाते आणि कंगवा मागते. तरी अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

अमावस्या: 'डिनर विथ ड्रॅक' कसं विसरलात? 1958, फिलाडेल्फिया. जॉन झॅकर्ली तिथल्या टीव्हीवर भुताच्या वेशात जुने भयपट दाखवायचा. त्याच शहरातून दुपारी, शाळा सुटल्यावर, 'अमेरिकन बँडस्टँड' हा पोरांच्या नाचगाण्याचा कार्यक्रम लागायचा. त्याचा सूत्रधार डिक क्लार्कला हे गाणं फारच रक्तबंबाळ वाटलं, म्हणून सौम्य आवृत्ती काढावी लागली. तुम्ही मूळचंच लावा.

टेपपुराण: जेवणाआधी नको.

कोकम_सरबत: लेकीने 'कुकी' घेतलं. अडचण एकच, तिच्या वर्गातल्या एकाही पोराकडे कंगवा नाही, सगळे बोटांनीच केस सारखे करतात. कुठला घेऊ?

रात्रपाळी: बारीक दातांचा, खिशात मावेल असा. आणि दोन घ्या, एक ती मागून नेणारच.