'दोरेई'ला मराठीत काय म्हणावं? घंटी, घुंगूर की खुळखुळा?

जपानी लोककलेवरच्या एका लेखाचं मराठी करतेय आणि 'दोरेई'पाशी गाडी अडलीये. दो म्हणजे माती. रेईचं काय करायचं ते कळेना. इंग्रजीत क्ले बेल लिहितात म्हणून आपल्याकडेही मातीची घंटी लिहून मोकळे होतात, पण घंटी म्हटलं की खालून उघडी आणि आत लोलक, हेच डोळ्यासमोर येतं ना? दोरेई तशी नसते. सगळीकडून बंद, पोकळ, खाली एक चीर आणि आत सुटी गोळी. आकार बरेचदा त्या वर्षाच्या प्राण्याचा, म्हणजे २०२५ ला साप, २०२६ ला घोडा, नवीन वर्षाला देवस्थानात मिळते आणि वर्षभर घरात ठेवतात, वाईट टळावं म्हणून. मला घुंगूर पटतंय. खुळखुळाही सुचला पण तो फारच पाळण्यातला वाटतो. काय म्हणता?

प्रतिसाद :
घुंगूरच. रेई जे अक्षर आहे तेच सुझू असंही वाचतात, आणि सुझू म्हणजे नेमकं आतून वाजणारं. शिंतो देवस्थानात दानपेटीवर जाड दोरी असते, ती हलवून जे वाजवतात तेही सुझूच, नारळाएवढं का असेना रचनेनं घुंगूर. बौद्ध मंदिरातली मोठी घंटा वेगळी, ती काने, तिला बाहेरून लाकडी ओंडक्यानं टोला देतात. त्यांच्याकडे हे दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे असताना आपण दोन्हीला घंटा म्हणून घोळ का घालायचा? आपल्याकडे बैलाची घुंगरमाळ आहेच की, शब्द आयता आहे.

प्रतिसाद :
आवाजाचं पण बघा. धातूचं सुझू चिरिन चिरिन वाजतं, दोरेई कोरोकोरो. किणकिण लिहाल तर चुकेल, मातीचा आवाज बसका असतो, त्याला खुळखुळच जवळचं. म्हणून वस्तू घुंगूर आणि क्रियापद खुळखुळणं, असं करता येईल.

बनवतात कशी तेही लेखात घ्याच. साच्यात मातीचे दोन अर्धे भाग दाबून काढायचे, आतली गोळी ओल्या भिंतीला चिकटू नये म्हणून कागदात गुंडाळून ठेवायची, मग भाग जोडून चीर पाडायची. भट्टीत कागद जळून जातो आणि गोळी मोकळी होते! वर शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचा हात देऊन मग रंग. क्यूशूमधल्या सागा प्रांतात काशिमा इथली नोगोमी दोरेई तर फारच गोड असतात, त्यातला ससा १९६३ च्या नववर्षाच्या टपाल तिकिटावर आला होता. युद्धानंतर गावात थोडी उमेद यावी म्हणून सुझुता तेरुजी या कापड रंगवणाऱ्या कलावंतानं ती सुरू केली, आणि त्यांच्या आडनावातलं सुझू हे तेच अक्षर.

प्रतिसाद :
घुंगूर मान्य, पण रेई म्हणजे नेहमीच घुंगूर असं नियम म्हणून लिहू नका. शिंगोन पंथातले भिक्खू हातात धरतात ती कोंगोरेई म्हणजे आपली वज्रघंटा, तिला चांगला लोलक असतो. तिथे घंटाच बरोबर.

आणि दोरेईला एंगिमोनो म्हणतात त्याचं काय करणार आहात? लकी चार्म नको हो प्लीज. मूळ एंगि हा प्रतीत्यसमुत्पादाचा चिनी अक्षरांतला अनुवाद, हे असलं की ते होतं, हा बुद्धाचा कार्यकारणाचा विचार. तिथून देवळाची जन्मकथा, म्हणजे आपलं स्थलमाहात्म्य, असाही अर्थ आला, आणि बोलीत उतरता उतरता झाला शकुन. एंगि गा ई म्हणजे शकुन चांगला, एंगि गा वारुई म्हणजे अपशकुन. इतकी तंतोतंत जोडी मराठीत असताना लकी चार्म कशाला?

धागाकर्ती :
शकुनाचं मातीचं घुंगूर! हेच. पहिल्यांदा दोरेई लिहून पुढे हे देते, नंतर नुसतं घुंगूर. कारण नुसतं दोरेई ठेवलं तर जपानी शिकलेल्यांना गुलाम ऐकू येईल, त्या शब्दाचा उच्चार हाच आहे, अक्षरं वेगळी. वज्रघंटेचं तळटीपेत टाकते.