रिंग गिअर झिजला. वॉरंटी नाकारण्याचे कारण ग्राह्य आहे का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे):
माझी मॅन्युअल पेट्रोल गाडी दोन वर्षांची असून वॉरंटी शिल्लक आहे. हल्ली चावी फिरवली की कधी खर्रर्र असा आवाज येतो, तर कधी स्टार्टर नुसताच फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) रिंग गिअरचे, म्हणजे त्याच्या कडेवरील दातेरी कड्याचे, दात झिजल्याचे दाखवले. मात्र घोडबंदरच्या कोंडीत हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) गाडी चालवल्याने हे घडले आणि क्लचची झीज वॉरंटीत बसत नाही, असे सांगून सगळा खर्च माझ्या माथी मारला आहे. हे मान्य करावे का?

उत्तर (तुर्भे, गॅरेजचालक):
या कारणावर तरी करू नये. क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या सपाट पृष्ठभागावर घासते. रिंग गिअर त्याच्या कडेवर असतो आणि त्याची गाठ पडते ती फक्त स्टार्टरच्या पिनियनशी, म्हणजे छोट्या दातेरी चाकाशी. हाफ क्लचचा अतिरेक असता तर पृष्ठभागावर निळसर डाग किंवा बारीक चिरा दिसल्या असत्या. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबते, म्हणून जुन्या गाड्यांत तेथील दात आधी झिजतात. तुमच्या गाडीत दातांची एकाच बाजूची टोके खाल्लेली असतील, तर पिनियन पूर्ण आत शिरत नसावा. अशा वेळी स्टार्टर व सोलेनॉइड (पिनियनला पुढे ढकलणारा विद्युत भाग) न तपासता नवी रिंग बसवली तर तीही जाईल. चालू इंजिनवर पुन्हा चावी फिरवण्याची सवय असल्यास मात्र दोष चालकाकडे येतो.

उत्तर (नेरुळ):
नकार कारणासह लेखी घ्या, दातांचे जवळून फोटो काढा आणि निकाल लागेपर्यंत जुना फ्लायव्हील भंगारात जाऊ देऊ नका. वॉरंटी पुस्तिकेत वगळलेल्या भागांत क्लच प्लेट सहसा असते. रिंग गिअरचे नाव आहे का, ते पाहा. कंपनीने ईमेलला दाद दिली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. दोषाबद्दल वाद असल्यास आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो, म्हणूनच तो जपणे महत्त्वाचे.

प्रश्नकर्ता:
जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) केवळ 'क्लच झीज' असे लिहिले आहे. रिंग गिअरचा उल्लेखच नाही.

उत्तर (नेरुळ):
मग तो उल्लेख करून घेतल्याशिवाय खर्चाच्या अंदाजपत्रकावर सही करू नका.