ऑफिसच्या मराठी नोटिसा स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, काय करू?

कचेरीवाली
नमस्कार मंडळी. आमच्या ज्युनियर कॉलेजात यंदा इतिहासाला नवीन सर आलेत, त्यांना अजिबात दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. इंग्रजी मेल, वेबसाइट सगळं भराभर ऐकतात, स्पीड एवढा की आपल्याला एक शब्द कळत नाही. पण मी ऑफिसमधून ज्या मराठी नोटिसा पाठवते त्या उघडल्या की लॅपटॉप एच के के जे असं काहीतरी बोलत सुटतो, आणि सही-शिक्का मारून स्कॅन केलेलं परिपत्रक असेल तर चक्क गप्प. सर तक्रार करत नाहीत, शिपाईमामांकडून नाहीतर एखाद्या मॅडमकडून वाचून घेतात. मला ते बरं वाटत नाही हो, रजा मंजूर झाली की नाही हेही दुसऱ्याने वाचून सांगायचं म्हणजे काय.

माझं टायपिंग टायपरायटरच्या कीबोर्डवरचं आहे आणि ऑफिसात सगळं कृतिदेवमध्ये. सिलेक्ट ऑल करून फॉन्ट मंगल करून बघितला तर सगळी इंग्रजी अक्षरं झाली. काही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? प्राचार्य खर्चाला हो म्हणतील असं वाटत नाही.

अजून एक, सर वर्गात जाड कागदांची चळत घेऊन जातात, ब्रेल आहे. लॅपटॉप बोलतोय तर ब्रेल कशाला लागतं? त्यांना थेट विचारायला संकोच वाटतो, पण ऑफिसकडून त्यात काही करता येण्यासारखं असेल तर करायचंय.

डीटीपी_सांगली
ताई, एक रुपया खर्च नाही. आधी भानगड काय आहे ते सांगतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवतो. तुम्ही 'भारत' टाइप करता तेव्हा फाइलमध्ये एच के के जे आर एवढंच जातं. तुम्ही चित्र बघता म्हणून तुम्हाला भारत दिसतं, स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, जे साठवलंय ते वाचतो. मंगल लावल्यावर इंग्रजी दिसलं ते याचमुळे, मंगल हा युनिकोड फॉन्ट आहे, तो जे आहे तेच दाखवणार. युनिकोड म्हणजे ज्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं.

यापुढे युनिकोडमध्ये टाइप करा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच असतो, सेटिंगमधून चालू करायचा, तो इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली मांडणी) असतो आणि विंडोज १० पासून फोनेटिकपण (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने टाइप करायचा) दिलाय. हात टायपरायटरला बसलाय म्हणता तर तसाच कीबोर्ड युनिकोडमध्येपण फुकट मिळतो, बोटांची सवय मोडायची गरज नाही.

जुन्या फाइलींसाठी ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, पण कन्व्हर्ट करून डोळे मिटून पाठवू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे कन्व्हर्टरला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तो कधीकधी घसरतो. दुसऱ्या, तिसऱ्या असले ऱ्य वाले शब्द मुद्दाम तपासा. आणि आडनावं. नोटिशीत आडनाव चुकलं की माणूस दुखावतो.

सहा_टिंबं
मी स्वतः जन्मांध आहे, शाळेत शिकवतो, तुमच्या सरांच्या जागी कितीतरी वेळा बसलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कॅन केलेलं परिपत्रक म्हणजे फोटो, त्यात अक्षरच नाही, म्हणून लॅपटॉप गप्प. सही-शिक्क्याची प्रत रेकॉर्डला लागते ती ठेवा, पण मेलमध्ये तिच्यासोबत मूळ वर्ड फाइल जोडा, ती तुमच्याच कॉम्प्युटरवर असते. पीडीएफ करून पाठवायचा मोह टाळा, कारण मराठी युनिकोडमध्ये असलं तरी पीडीएफमधून वाचताना जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याचदा फुटतात. वरून आलेलं परिपत्रक स्कॅनच असेल तर ते गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, छापील मराठी बऱ्यापैकी अक्षरांत येतं, मग मूळ कागदाशी एकदा ताडून बघा, तारखा आणि आकडे तर नक्कीच. हाताने लिहिलेलं मात्र असं नीट निघत नाही. सरांना उत्तरपत्रिका तपासायला वाचून दाखवणारं माणूस लागेल, त्याची सोय ऑफिसने परीक्षेच्या आधीच करून ठेवली तर मोठी मदत होईल, ऐनवेळी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करणं फार जिवावर येतं.

आता ब्रेल. तुम्ही विचारलंत ते मनापासून आवडलं, कारण मोबाइल बोलायला लागल्यापासून शिक्षकसुद्धा पालकांना सांगायला लागलेत की ब्रेल आता कशाला, आणि मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं. वर्गात काय होतं बघा, मुद्दे लॅपटॉपवर ऐकायचे तर कानात इअरफोन हवा, आणि एक कान लॅपटॉपला दिला की मागच्या बाकावर काय चाललंय, कोण शंका विचारायला चुळबुळतंय, सगळं निसटतं. ब्रेल कागद टेबलावर ठेवला की डाव्या हाताचं बोट मुद्द्यावर असतं, तोंड बोलत असतं आणि दोन्ही कान पोरांकडे. सरांची चळत म्हणजे बहुतेक त्यांच्या नोट्स आणि हजेरीची यादी असणार. माझी तशीच असते, स्लेट आणि स्टायलस, म्हणजे खाचांची पट्टी आणि टोचणी घेऊन स्वतः टोचलेली. कागदाला मागून टोचायचं म्हणून उजवीकडून डावीकडे उलट लिहायचं, मग कागद पालथा करून डावीकडून वाचायचं.

दुसरं शुद्धलेखनाचं. 'दिन' आणि 'दीन' स्क्रीन रीडरच्या वेगात कानाला सारखेच लागतात. ब्रेलच्या एका खान्यात सहा टिंबं असतात, त्यांना नंबर असतात. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार नंबरचं टिंब, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच, बोटाला फरक कळतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, काना-वेलांटी अक्षराला चिकटत नाही, 'कि' लिहायचं तर आधी क मग इ, सरळ एकामागे एक. लहानपणी फक्त ऐकून शिकलेली हुशार पोरं मी बघितलीत, बोलतात छान, पण अर्ज लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घाला अडतात, कारण शब्द कसा लिहितात हे त्यांच्या हाताखालून कधी गेलेलंच नसतं. मूल शाळेत असतानाच ब्रेल शिकवलं पाहिजे, फोन आहेच की नंतर.

आणि हे दोन्ही एकमेकांना जोडतापण येतं. ब्रेल डिस्प्ले मिळतो, माझ्याकडे ऑर्बिट रीडर आहे, वीस खान्यांची पट्टी, तो एनव्हीडीएला जोडला की स्क्रीनवरची ओळ टिंबांनी वर येते, मराठीसुद्धा. पण फाइल कृतिदेवमध्ये असेल तर बोटाखालीही एच के के जे च येतं, त्यामुळे घोडं पुन्हा तुमच्या टायपिंगपाशीच अडतं.

ग्रंथपाल
वरचं सगळं पटलं. जोडीला ग्रंथालयाच्या बाजूने सांगते. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी, सर बहुधा सभासद असतीलच, नसतील तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र देऊन होता येतं. शिवाय २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला, अशा वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात करून द्यायला आता प्रकाशकाची परवानगी मागत बसावं लागत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातलं इतिहासाचं एखादं पुस्तक सरांना हवं असेल तर स्कॅन करून अक्षरांत काढून द्या, बिनधास्त. फक्त ती फाइल सगळ्यांच्या ग्रुपवर फिरवायची नाही, सवलत त्यांच्यापुरती आहे. आणि प्राचार्य कुरकुरले तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पुढे ठेवा.

कचेरीवाली
सगळ्यांचे खूप आभार. टायपरायटरवाला युनिकोड कीबोर्ड टाकून घेतला, हात लगेच बसला. या महिन्याच्या नोटिसा पुन्हा टाइप करून सरांना वर्डमध्ये पाठवल्या, त्यांनी स्वतः ऐकल्या आणि एका नोटिशीतली तारीख चुकलीय ते मलाच दाखवून दिलं. आता वेळापत्रक राहिलंय. ते आम्ही फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो, वर्डमध्ये कसं करू?

सहा_टिंबं
वर्डमध्ये टेबल इन्सर्ट करूनच करा, स्पेस आणि टॅब मारून रकाने जुळवू नका, डोळ्याला टेबल वाटतं पण ऐकताना सगळी सरमिसळ होते. खरं टेबल असलं की कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची बटणं वापरून सर एकेका खान्यात फिरू शकतात. वरच्या ओळीत वार, पहिल्या रकान्यात तासाची वेळ, आणि वरची ओळ हेडर म्हणून सेट करा म्हणजे खान्यात गेल्यावर वारही बोलला जातो. मधल्या सुट्टीसाठी खाने मर्ज करून एक लांब पट्टा करतात ना, तो नको, त्याने पुढचे रकाने मोजताना गोंधळ होतो, सहाही वारांच्या खान्यात 'मधली सुट्टी' लिहा. रंगाने खुणा करत असाल, म्हणजे प्रॅक्टिकल पिवळं वगैरे, तर तिथे 'प्रॅक्टिकल' असा शब्दपण घाला. आणि बदली तास लागला की तोही मेल करा, नुसता फळ्यावर लिहून ठेवू नका.