क्यूजीआयएस (नकाशा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर) : दोन वर्षांच्या उसाच्या एनडीव्हीआयची (हिरवाईच्या निर्देशांकाची) तुलना चुकते आहे

प्रश्न
नमस्कार. कराड तालुक्यातील उसाच्या ४० शेतांच्या सीमा आखून, सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या डिसेंबर २०२१ आणि डिसेंबर २०२२ च्या प्रतिमांवरून मी रास्टर कॅल्क्युलेटरने (प्रतिमांवर गणित करणाऱ्या साधनाने) एनडीव्हीआय काढला आणि झोनल स्टॅटिस्टिक्सने (सीमेच्या आतल्या मूल्यांचा सारांश देणाऱ्या साधनाने) प्रत्येक शेताची सरासरी घेतली. दुसऱ्या वर्षी जवळपास सर्वच सरासऱ्या घसरल्या आहेत; शेतात मात्र ऊस तितकाच हिरवागार होता. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर १
दोष पिकाचा नाही. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्था या प्रतिमांच्या मूल्यांत १००० मिळवून देते. एनडीव्हीआय म्हणजे निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) आणि लाल पट्ट्यांच्या मूल्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज. ते १००० वजा केले नाहीत तर सूत्राचा अंश तोच राहतो, पण छेद २००० ने फुगतो. लाल पट्ट्यात ५०० आणि निअर इन्फ्रारेडमध्ये ३५०० असतील तर ०.७५ यायला हवे. तेथे १५०० आणि ४५०० धरले जाऊन ०.५० येते. जुन्या प्रतिमाही पुढे नव्याने प्रक्रिया करून दिल्या गेल्या आहेत, म्हणून केवळ तारखेवर विसंबू नका. फाईलच्या नावात 'एन०३०१' आहे की 'एन०४००' वा त्यापुढचा आकडा आहे, हे आधी पाहा; दुसऱ्या प्रकारात १००० वजा करायचे.

उत्तर २
वरील दुरुस्तीनंतर सीमा १० मीटर आत घ्या, कारण बांधावरचे पिक्सेल (प्रतिमेतील चौकोनी ठिपके) सरासरी बिघडवतात. शक्यतो मध्यकही तपासा. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे हजारो पिक्सेल स्वतंत्र नोंदी मानून टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतील फरक खरा आहे का, हे तपासणारी चाचणी) करू नये. तुमचे नमुने ४० शेते एवढेच आहेत, आणि चाचणी जोडीची, म्हणजे प्रत्येक शेताची दोन वर्षे एकमेकांशी ताडणारी हवी.

प्रश्नकर्ता
दुसऱ्या फाईलच्या नावात 'एन०४००' आहे. १००० वजा करून पुन्हा गणित करतो. मनापासून आभार.