‘माणसाळलेलं’ युद्ध नक्की कुणाच्या जिवावर?

शनिवारपेठी

परवा अटलांटाकरांनी लिहिलं की १९९१ पासून पाश्चात्त्यांनी युद्ध ‘माणसाळवलं’: नेमके बॉम्ब, मोजकी माणसं, कमी मढी. आपण मात्र अजून जवानांची छाती पुढे करतो म्हणे. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते इतकं फुगलं की वेगळा धागा काढतोय.

१९९१ चं आखाती युद्ध म्हटलं की सगळ्यांना टीव्हीवरचा तो खिडकीतून आत शिरणारा बॉम्ब आठवतो. प्रत्यक्षात त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बांपैकी असे नेमके बॉम्ब दहा टक्केही नव्हते. आणि नेम बसला म्हणजे भागलं असंही नाही. १३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादच्या अमीरिया निवाऱ्यावर जे दोन बॉम्ब पडले, त्यांचा नेम तिळभरही चुकला नव्हता. आत झोपलेली चारशेवर माणसं गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. अमेरिकेच्या लेखी ते लष्करी नियंत्रण केंद्र होतं.

बदललं काय, तर मरायचं कोणी हे बदललं. १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक पडले, मृतदेह रस्त्यावरून फरफटत नेलेला जगानं पाहिला, आणि पुढच्या मार्चपर्यंत अमेरिका सोमालियातून बाहेर. एप्रिलमध्ये रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा कुणी बोट उचललं नाही. १९९९ ला कोसोव्होसाठी नाटोनं युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली, तीही बहुतेक पंधरा हजार फुटांवरून. नाटोचा एकही माणूस शत्रूच्या हातून मेला नाही. अफगाणिस्तानात सुरुवातीला जमिनीवर लढली नॉर्दर्न अलायन्स ही तालिबानविरोधी अफगाण आघाडी, नंतर अफगाण फौज. जानेवारी २०१९ मध्ये दाव्होसला अश्रफ घनी स्वतः म्हणाले की ते अध्यक्ष झाल्यापासून ४५,००० हून अधिक अफगाण सैनिक-पोलीस मारले गेले, आणि त्याच काळात परदेशी फौजांचे ७२ हून कमी. याला माणसाळणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

अटलांटाकर

माझ्या नावानं धागा! आभारी आहे.

तुलना कशाशी करताय ते तरी बघा. व्हिएतनाममध्ये ५८,००० अमेरिकन गेले, व्हिएतनामींची तर गणतीच लाखांत. २००३ च्या इराक मोहिमेत टाकलेले साधारण दोन तृतीयांश बॉम्ब नेमके होते. लक्ष्यांच्या यादीवर आता लष्करी वकील बसतात, ‘इथे शाळा आहे, ही वेळ नको’ असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकताना कुणी वकिलाला विचारलं होतं? आपला सैनिक वाचवणं हा गुन्हा कधीपासून झाला? मतदार जाब विचारतो म्हणून सरकार जपून वागतं. लोकशाही यालाच म्हणतात, शनिवारात काय म्हणतात ठाऊक नाही.

देवळाली_कॅम्प

दोघेही विमानातून खाली उतरा.

आयुष्य तोफखान्यात गेलं म्हणून बोलतो. कारगिलमध्ये मिराजनं टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते सगळ्यांना पाठ आहे. तोफखान्यानं अडीच लाखांच्या घरात गोळे, बॉम्ब, रॉकेट डागली ते कुणाला आठवत नाही. डोंगर पायदळानं घेतला आणि वाट तोफेनं करून दिली.

पाश्चात्त्यांनी तीस वर्षं समजूत करून घेतली की गोळ्यांचा ढीग लागणारं युद्ध संपलं. कारखाने आटवले. २०२२ ला युक्रेन पेटलं तेव्हा अमेरिकेत १५५ मिमीचे गोळे महिन्याला १४,००० च्या आसपास बनत होते. युक्रेनला तेवढे काही दिवसांत लागायचे. युरोपियन युनियननं मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळ्यांचा शब्द दिला आणि मुदतीत निम्म्यापर्यंत पोचले. जीपीएसवर चालणारा एक्स्कॅलिबर गोळा रशियन जॅमिंगपुढे (सिग्नल बिघडवण्यापुढे) भरकटायला लागला. आता बोला नेमकेपणावर.

आपलंही तेच. बोफोर्सनंतर नवी मोठी तोफ यायला २०१८ उजाडलं. वज्र आणि एम७७७ देवळालीतच दाखल झाल्या. मधली तीस वर्षं कुणी खाल्ली त्यावर धागा काढा, मी लिहितो.

शनिवारपेठी

काका, तोफांचा धागा तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा.

अटलांटाकर, वकिलांचं म्हणालात. त्याच कोसोव्होच्या मोहिमेत ७ मे १९९९ ला बेलग्रेडमध्ये अमेरिकेच्या बी-२ बॉम्बर विमानानं पाच बॉम्ब टाकले, सगळे दिलेल्या जागीच पडले. फक्त ती जागा चिनी वकिलातीची निघाली. पत्ताच चुकीचा काढला होता. तीन पत्रकार गेले. आणि २९ ऑगस्ट २०२१, काबूल: पांढऱ्या कोरोलात पाण्याचे कॅन चढवणारा माणूस कित्येक तास अमेरिकन ड्रोनमधून दिसत होता. शेवटी त्याच्यावर हल्ला केला, दहा निरपराध मेले, त्यात सात मुलं. वर अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी म्हणाले की हल्ला योग्यच होता. चूक कबूल करायला सप्टेंबरचा मध्य उलटावा लागला. तेही वर्तमानपत्रांनी खोदून काढलं म्हणून.

मालवणी_मीठ

इथे कुणी खानसाम्यांचा हिशेब धरलेला दिसत नाही, म्हणून मध्ये पडतो.

माझा मामेभाऊ वेंगुर्ल्याचा. मुंबईच्या एजंटानं कुवेतच्या हॉटेलात नोकरी म्हणून कर्ज काढायला लावलं. कुवेतला उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि गाडी थेट इराकमधल्या अमेरिकन तळावर. तिथे बारा-बारा तास भटारखान्यात. दर शुक्रवारी गोठवलेली शेवंडं (लॉबस्टर) यायची, पेट्याच्या पेट्या. आमच्या बंदरावर शेवंड बघायला मिळत नाही आणि हा वाळवंटात ती उकडत होता. स्वतः जेवायचा मागच्या तंबूत, डाळ-भात. उखळी तोफेचा मारा झाला की सैनिकांकडे हेल्मेट, जाकीट. यांच्या अंगावर एप्रन.

अफगाणिस्तानात तर बरीच वर्षं सैनिकांपेक्षा ठेकेदारांची माणसं जास्त होती. मेली तर शवपेटीवर झेंडा नाही, बातमी नाही.

ठाण्याचा_स्पष्टवक्ता

डॉलर घेताना गोड लागले, आता रडगाणं. कुणी बंदूक लावून नेलं नव्हतं. गल्फला जाणारा प्रत्येक जण पैशासाठीच जातो, मग त्याला बळी कशाला ठरवायचं?

मालवणी_मीठ

‘मुंबईत कागदावर कुवेत होतं’ हे वाचलंत की नाही? डॉलर म्हणाल तर एजंटाचं कर्ज फेडण्यात पहिलं वर्ष गेलं. २००४ मध्ये तीन भारतीय ट्रकचालक इराकमध्ये ओलीस होते, ते सुटले. त्याच उन्हाळ्यात बारा नेपाळी कामगारांना मारलं, काठमांडूत दंगल उसळली. त्यांनाही सांगणार का, डॉलर गोड लागले म्हणून? ठाण्यात एसीत बसून स्पष्ट बोलायला काय जातं?

ठाण्याचा_स्पष्टवक्ता

वैयक्तिक पातळीवर उतरलात म्हणजे मुद्दे संपले. नेपाळ्यांचं वाईट वाटतं. तरी दोष एजंटाचा आणि अशा एजंटांना मोकळं सोडणाऱ्या आपल्या सरकारचा. त्यात अमेरिकेची युद्धनीती कुठून आली?

शनिवारपेठी

तिथूनच तर आली! १९७३ ला अमेरिकेनं सक्तीची भरती बंद केली. त्याआधी बटाटे सोलायला भरती झालेली पोरं असायची. पगारी फौज लहान आणि महाग, मग स्वयंपाक, धुणं, ट्रक, पहारा सगळं ठेक्यावर. खानसामा मेला तर सैनिकांच्या आकड्यात येत नाही. पहारेकऱ्यानं गोळ्या घातल्या तर तेही लष्कराच्या माथी नाही. सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी १७ इराकी मारले, तेव्हा कोणता कायदा लावायचा यावरच वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली.

देवळाली_कॅम्प

सक्तीच्या भरतीचं निघालंच आहे तर सांगतो. स्वीडननं २०१० ला थांबवलेली भरती २०१७ ला परत आणली. लिथुआनियानं २०१५ ला. रशिया उंबऱ्यात आला की ठेकेदार कामाचे नाहीत हे त्यांना कळलं. आणि मालवणी, भाऊ आता कसा आहे ते लिहिलं नाहीस.

मालवणी_मीठ

काका, गावी आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तळावरच्या एका स्फोटापासून. भरपाई म्हणाल तर शून्य. एजंटाचं ऑफिस कधीच गायब.

अटलांटाकर

धाग्याचा पार भटारखाना झालाय, पण एक कामाचं सांगतो. १९४१ चा डिफेन्स बेस अॅक्ट आहे. परदेशातल्या अमेरिकन तळांवर ठेकेदाराला प्रत्येक कामगाराचा विमा उतरावा लागतो, तो अमेरिकन नसला तरी. दावा अमेरिकन श्रम खात्याकडे जातो. ठेकेदारांच्या मृत्यूचा अधिकृत आकडा थोडाफार मिळतो तोसुद्धा याच दाव्यांवरून. बातमी नाही हे खरं, पण अगदीच हिशेब नाही असं नाही.

शनिवारपेठी

म्हणजे दावा केला तर मेला, नाही केला तर मेलाच नाही. वा!

अटलांटाकर

तुम्हाला कुठल्याही गोष्टीत ‘वा’ सापडतं. ठीक आहे, खानसामे आणि अफगाण सैनिक धरले तर ‘कमी मढी’ हे माझं वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. लिहून घ्या, फ्रेम करा. पण नेमके बॉम्ब नसते तर इराकमधलं मोसुल २०१७ ला इसिसकडून परत घेताना जसं पडलं त्याहून कितीतरी जास्त बेचिराख झालं असतं, यावर मी ठाम आहे.

शनिवारपेठी

नऊ महिने लढाई चालली, पश्चिम मोसुल जमीनदोस्त झालं, जमिनीवर मेले ते पुन्हा इराकी सैनिक. याहून जास्त बेचिराख कसं असतं ते तुम्हीच सांगा.

मालवणी_मीठ

मोसुलचं तुमचं चालू द्या. अटलांटाकर, त्या दाव्याला मुदत असते का? कागद म्हणून फक्त तळाचा ओळखपत्राचा बिल्ला आणि दोन पगाराच्या स्लिपा आहेत.

अटलांटाकर

मुदत असते, आणि ती फार लांब नसते, म्हणून आशा लावून बसू नका. तरी बिल्ला आणि स्लिपा टाकू नका. स्लिपेवर कंपनीचं नाव काय आहे ते व्यनि (वैयक्तिक निरोप) करा. इथे नको, ठाणेकर वाचतायत.